एका रात्रीची खोली

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

बोलायला सुरुवात करण्याआधी एक विचारते. कामासाठी परगावी गेल्यावर ‘सोबत पुरुष कोण आहे?’ असं विचारून लॉजवाल्याने खोली नाकारली, हा अनुभव तुमच्यापैकी किती जणींना आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात वर आहेत. माझाही आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी, भर पावसात, रात्री साडेनऊला. त्यामुळे २०२४ च्या मार्चमध्ये मी आणि माझी एक मैत्रीण दहा दिवसांसाठी कॅरिबियन बेटांवर निघालो, तेव्हा समुद्रकिनारे वगैरे डोक्यात नव्हते. रात्री कुठे उतरायचं, आणि आपल्याला परवडणाऱ्या जागी दार उघडणारं माणूस आपल्याकडे कसं बघेल, हीच काळजी.

वेस्ट इंडीज विद्यापीठाचा पसारा अनेक बेटांवर आहे आणि त्यात १९९३ पासून स्त्री-अभ्यासाची केंद्रं आहेत. त्रिनिदाद, बार्बाडोस आणि जमैका इथल्या केंद्रांतल्या बायकांना भेटायचं, म्हणून पोर्ट ऑफ स्पेन, ब्रिजटाउन आणि किंग्स्टन ही तीन शहरं ठरली. पैसे बहुतेक विमानाच्या तिकिटातच गेले. (लंडनमार्गे जाणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही बहुतेकींना व्हिसा लागतो, ते आधी बघा.) राहण्यासाठी दिवसाला माणशी तीस अमेरिकी डॉलर, त्याहून पैसा जास्त नाही, असं ठरवून निघालो.

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्याकडे घरोघर माहीत आहे ते १९७१ पासून, गावसकर आणि वाडेकरांमुळे. त्या मैदानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर वुडब्रूक नावाची जुनी वस्ती आहे. लाकडी नक्षीच्या झालरी असलेली उतरत्या छपरांची घरं, आणि त्यातली काही गेस्टहाऊस झालेली. पलीकडच्या सेंट जेम्स भागात रस्त्यांची नावं बॉम्बे, मद्रास, कलकत्ता अशी. १८४५ पासून मजुरीच्या करारावर आणलेल्या हिंदुस्थानी माणसांची ती खूण. सकाळी कोपऱ्यावर ‘डबल्स’ मिळतात. मऊ बारांमध्ये चण्याची उसळ. माझी शाकाहारी मैत्रीण चार दिवस त्यावर आनंदात राहिली.

मालकीणबाईंनी दार उघडलं, पासपोर्ट पाहिले, पैसे घेतले, किल्ली दिली. कोण, कुठल्या, सोबत कोण, काही नाही. मी आपली उत्तरं तयार करून उभी! रात्री मात्र त्यांनी बजावलं, अंधार पडल्यावर पायी फिरू नका, आणि गाडीच्या नंबरात पहिलं अक्षर ‘एच’ असेल तरच ती भाड्याची गाडी, एरवी बसायचं नाही. आम्ही उशिरा परतलो त्या दिवशी त्या व्हरांड्यात जाग्या होत्या. त्या शहरात गुन्हेगारी आहे, ते लपवून उपयोग नाही. आम्ही येऊन गेल्यावर २०२४ च्या डिसेंबरअखेर तिथे आणीबाणीच जाहीर झाली. पण आमची सुरक्षितता दाराच्या कुलपापेक्षा त्या बाईंच्या जागरणावर होती. त्याचे पैसे बिलात कुठे होते?

इथून मी हिशेब करायला लागले. खोलीचा दर साठ डॉलर, वर दहा टक्के सरकारी कर. ठरवलेलं बजेट पहिल्याच दिवशी मोडलं. त्रिनिदादमध्ये २०२४ च्या जानेवारीपासून किमान वेतन ताशी साडेवीस स्थानिक डॉलर झालं. म्हणजे आमची एका रात्रीची ‘स्वस्त’ खोली ही तिथल्या किमान वेतनावरच्या बाईची जवळजवळ वीस तासांची मजुरी. आणि ती खोली रोज झाडून-पुसून, चादरी बदलून देणारी होती व्हेनेझुएलाहून आलेली एक तरुण मुलगी. तिकडे हाल झाल्यामुळे हजारो माणसं समुद्र ओलांडून त्रिनिदादला आली. २०१९ मध्ये सरकारने नोंदणी केली तेव्हा सोळा हजारांवर नावं आली. तिला इंग्रजी थोडं, आम्हाला स्पॅनिश शून्य. तरी एवढं कळलं की ती सकाळी गेस्टहाऊसच्या चार खोल्या करते आणि दुपारी मालकीणबाईंच्या घरचा स्वयंपाक आणि कपडे. पगार एकच.

आता ही कामगार कोण? हॉटेलची की घरची? १९७२ च्या तिथल्या औद्योगिक संबंध कायद्याने खासगी घरात घरकाम करणाऱ्यांना ‘कामगार’ या व्याख्येतूनच वगळलं. क्लोटिल वॉलकॉट या बाईंनी घरकामगारांची संघटना बांधून त्याविरुद्ध वर्षानुवर्षं झगडा केला. त्यांच्यासारख्यांच्या रेट्यामुळेच त्रिनिदादने १९९६ मध्ये बिनमोल श्रमांची गणना करण्याचा कायदा केला. घरकाम, मुलांचं-म्हाताऱ्यांचं करणं, हे मोजलं पाहिजे असं कायद्याने म्हणणारा हा अगदी पहिल्या देशांपैकी. आपण इथे ‘घरकाम हेही काम’ अशा घोषणा देतो, म्हणून मी फार कौतुकाने तो कायदा मनात घेऊन गेले होते. गेस्टहाऊस मात्र अर्धं घर आणि अर्धा धंदा. त्या मधल्या उंबरठ्यावर ती मुलगी उभी होती.

ब्रिजटाउनला विमानाने तासाभरात पोचतो. तिथे पैशाचा हिशेब सोपा, दोन स्थानिक डॉलर म्हणजे एक अमेरिकी. मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या. विलायतेत नर्स म्हणून आयुष्य काढून परतलेल्या, पेन्शनीतून घर बांधून तीन खोल्या भाड्याने देणाऱ्या. बोलायला गोड, हिशेबाला पक्क्या. घरातलं सगळं काम करायची त्यांची भाची. तिला काय देता, असं माझ्या मैत्रिणीने विचारलं. बाई म्हणाल्या, ‘देते म्हणजे? ती घरचीच आहे.’ मैत्रिणींनो, हे वाक्य ऐकायला सातासमुद्रापार जायची गरज नव्हती.

या धंद्याचा तिथला इतिहासही बायकांचाच आहे. अठराव्या शतकात ब्रिजटाउनमध्ये रेचल प्रिंगल पॉलग्रीन नावाची, गुलामीतून सुटलेली स्त्री हॉटेल चालवत असे. इंग्लंडच्या राजपुत्राने दारूच्या नशेत तिच्या हॉटेलाची मोडतोड केली आणि तिने त्याला सातशे पौंडांचं बिल धाडून वसूल केलं, असं सांगतात. ही गोष्ट गाइड लोक हसत हसत रंगवतात. आपल्यालाही आवडते. पण पुढचं ते सांगत नाहीत. तिच्या मालकीचे कितीतरी गुलाम होते, त्यात बायका होत्या, आणि हॉटेलात येणाऱ्या नाविकांना त्यांची शरीरं विकली जात. १७९१ मध्ये ती वारली, तेव्हा मृत्युपत्रातून त्यांतले थोडेच सुटले. मालकीण बाई असली की घर बायकांचं होतं, असं मला वाटे. आता तसं म्हणताना मी अडखळते.

किंग्स्टनमध्ये आमची फजिती झाली. स्वस्तात स्वस्त म्हणून जी जागा ठरवली, तिथल्या फलकावर तासांचा दर रात्रीच्या दराच्या वर लिहिलेला. जिन्यात दोन तरुणी उभ्या. आमच्या दोघींच्या चेहऱ्यावर काय आलं असेल ते त्यांनी पाहिलं आणि एकीने तोंड फिरवलं. खोलीच्या दाराची कडी धड लागत नव्हती, म्हणून आगाऊ भरलेल्या पैशांवर पाणी सोडून आम्ही दुसरीकडे गेलो. कडीचं कारण खरंच होतं. पण कडी ठीक असती तरी आम्ही राहिलो असतो का, यावर आमचं रात्री बराच वेळ भांडण झालं. मैत्रीण म्हणाली, ‘आपल्याला लॉजवाला जसं बघतो, तसंच आपण त्या मुलींकडे बघितलं.’ मी तेव्हा कबूल केलं नाही.

दुसरी जागा न्यू किंग्स्टनमध्ये मिळाली, महाग, पण दाराला आतून अडसर होता. तिथे बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला. खोली करणाऱ्या बाईंना विचारलं, हा तुम्हाला मिळतो का? त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग मान हलवली. तेव्हा मैत्रिणींनो, बाहेर कुठेही उतराल तेव्हा हा एक प्रश्न जरूर विचारा, आणि द्यायचे पैसे काउंटरवर न देता हातात द्या.

निघायच्या दिवशी ईस्ट स्ट्रीटवर गेलो. तिथे आता जमैकाचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे. त्याच जागी मेरी सीकोल यांच्या आईचं ब्लंडेल हॉल हे बोर्डिंग हाऊस होतं. आजारी गोरे अधिकारी तिथे उतरत आणि आई झाडपाल्याने त्यांना बरं करी. हे पाहत मेरी शिकली, आणि १८५५ मध्ये क्रायमियाच्या युद्धावर जाऊन तिने सैनिकांसाठी आपलं हॉटेल थाटलं. खाणं, निवारा आणि शुश्रूषा एकाच छपराखाली. आपल्याकडे गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, कर्ज मिळवून दिलं, ते मला तिथे उभं राहून आठवत होतं. या तिन्ही शहरांत गेस्टहाऊसवाल्या बायका भेटल्या, पण त्यांच्या खोल्या करणाऱ्या बायका एकमेकींना भेटतात का, असं विचारलं की सगळ्याच गप्प बसत.

आता तुमचे प्रश्न घेते. तिन्ही ठिकाणचा खर्च मी कागदावर लिहून आणला आहे, बसभाड्यासकट. चहाच्या वेळी बघा. आणि ज्यांनी सुरुवातीला हात वर केले होते, त्यांनी आपल्या लॉजचं गाव आणि तारीख मागच्या टेबलावरच्या वहीत लिहून ठेवा. तहसीलदारांना द्यायच्या निवेदनासाठी ती यादी आपल्याला हवी आहे.