ताटातला पालट



मांस, मासळी, अंडी आणि दूधही सोडून केवळ वनस्पतींवर राहावे, असे आज पुष्कळांना वाटू लागले आहे. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सोबत्यांनी या आचाराला ‘व्हीगन’ हे नाव देऊन संस्था काढली. आम्ही आहारशास्त्राचे पंडित नाही. जे शिकलो ते कामगारांच्या पंगतीत आणि उसन्या पुस्तकांत. म्हणून आमचा प्रश्न साधा आहे: आठ तास यंत्रापुढे उभे राहणाऱ्याने हा पालट कसा करावा?

ताटातून काय गेले, याबरोबरच त्याच्या जागी काय आले, हे पाहावे. पगार पुरेनासा झाला की कामगाराच्या ताटातले अंडे जाते आणि पाव-चहा वाढतो. त्याला पालट म्हणत नाहीत. ती उपासमार होय. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिने असतात. तेवढी 30 ग्रॅम सुक्या डाळीत किंवा शेंगदाण्यांत मिळतात. भाकरीत जे उणे असते ते उसळ भरून काढते. आपल्या आयाबायांनी घातलेली ही सांगड शास्त्रालाही मान्य आहे. वजनास वजन धरले तर नाचणीत दुधाहून अधिक कॅल्शियम असते. पालेभाजीवर लिंबू पिळले की तिच्यातले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला की त्यात खोट येते. मात्र ब-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. त्यासाठी गोळी किंवा ते मिसळलेले अन्न घ्यावेच लागते. हे न सांगता उपदेश करणारा आम्हाला अर्धाच ताळेबंद दाखवणाऱ्या मालकासारखा वाटतो.

गांधीजींनी दूध वर्ज्य केले होते. अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा लढा झाला त्याच 1918 साली ते जबर आजारी पडले आणि पुढे त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले. ते शल्य त्यांनी आत्मचरित्रात लपवले नाही. देहाचे ऐकणे हा पराभव नव्हे.

आता सक्तीविषयी. आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात उपाहारगृहातले अंडे बंद झाले. कारण सांगितले सात्त्विकतेचे. वाचले ते ठेकेदाराचे पैसे. 1948 च्या कारखाने कायद्याने उपाहारगृहाच्या व्यवस्थेत कामगारांना जागा दिली होती. तिच्या बळावर आम्ही भांडलो आणि अंडे परत आणले. सभेत टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक शाकाहारी भगिनी उठून म्हणाली, “दादा, अंडं आणलंत, बरं केलंत. पण माझ्या ताटात काय आलं?” आम्ही निरुत्तर झालो. उसळीची वाटी मागण्याचे आम्हाला सुचलेच नव्हते. ती मागणी पुढे तिनेच लिहून दिली.

कोण काय खातो यावरून या देशात माणसांना पंगतीबाहेर बसवले गेले आहे. दुसऱ्याच्या डब्याकडे पाहून नाक मुरडणाऱ्याच्या तोंडी भूतदया शोभत नाही. ज्याला पालट करायचा त्याने तो आठवड्यातल्या दोन दिवसांपासून सुरू करावा, आपल्या बुद्धीने व आपल्या खुशीने करावा. आणि त्याच्या वाटीत पुरेशी डाळ पडेल एवढे वेतन मागणे, हे आम्हा सर्वांचे काम आहे.