कवळीवरील बुरशी

देगलूरसारख्या सीमेवरच्या गांवांत मराठी, तेलुगू नि कानडी एकाच ओसरीवर ऐकूं येतात. परंतु रात्रीं कवळी काढून ठेवण्याचा कंटाळा मात्र सर्वभाषी आहे. याच कंटाळ्यावर कँडिडा नांवाची बुरशी पोसते. अल्प प्रमाणांत ती पुष्कळांच्या मुखांत असतेच. १९३० नंतरच्या दशकांत रबराच्या कवळीची जागा ॲक्रिलिकनें घेऊं लागली. कवळी देखणी झाली, पण तिच्या टाळूकडील खडबडीत बाजूस बुरशी चिकटते, बुळबुळीत थर रचते आणि टाळू लालभडक होतो. बहुधा दुखत नाहीं, हीच खरी फसवणूक! १९५० सालीं हेझन व ब्राउन या अमेरिकन विदुषींनीं जाहीर केलेलें निस्टॅटिन टाळू बरा करतें. कवळीवरचा थर तसाच राहिला तर रोग परततो.

म्हणून संशोधकांनीं बुरशीस मुळीं बसूंच न देण्याची वाट धरली आहे. कोणी पाणी धरून ठेवणारा पातळ लेप देतात, त्यावर पेशींची पकड ढिली पडते. कोणी चांदीचे अतिसूक्ष्म कण वापरतात, ते पेशींना मारतात. प्रयोगशाळेंत फळ चांगलें दिसतें. मुखांत मात्र लाळेचा पापुद्रा लेप झांकतो आणि रोजचा ब्रश तो झिजवतो. अशा लेपासाठीं आजच पदर मोकळा करावा, असें मला वाटत नाहीं. मऊ ब्रश, साधा साबण नि रात्रभर गार पाण्याचा पेला बरा. उकळतें पाणी नको, त्यानें कवळी वाकडी होते. आणि राखुंडी तर नकोच, ती कवळीला ओरखडे पाडून बुरशीला नवीं घरें बांधून देते.