खाण संपते, बंदर उरते

(परळ येथे कोकणवासीय कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



गणपतीला गावी जाऊन परतलेले लालबागचे एक गृहस्थ काही दिवसांपूर्वी मला भेटले. तरुणपणी ते गिरणीत होते. संपानंतर गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही, तेव्हा त्यांनी रखवालदारी करून मुले शिकवली. सिंधुदुर्गात त्यांची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. काही भाग कातळाचा, काही काजूचा. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "खाण येतली, सरकार बंदर मोठा करतला, पोराक थयच नोकरी गावतली, असा सांगतत. माका सांगा, सही करू की नको?"

मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. पत्रकाराला प्रश्न विचारण्याची सवय असते, उत्तर देण्याची नसते. आजचे भाषण म्हणजे त्या गृहस्थांना द्यावयाच्या उत्तराची जुळवाजुळव आहे, असे समजा.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. शासनाने बंदरावर पैसा खर्च करावा, याला माझा विरोध नाही. किंबहुना तो आपल्या परंपरेचाच भाग आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खाणींवर देखरेख करणारा आकराध्यक्ष आहे, धातूंसाठी लोहाध्यक्ष आहे आणि जलवाहतुकीसाठी नावाध्यक्ष आहे. ज्या खाणीचा खर्च झेपणार नाही ती हिश्श्याने द्यावी, जी सहज चालवता येईल ती राज्याने स्वतः चालवावी, असा विवेकही त्याने सांगितला आहे. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला तो समुद्रावरील सत्ता ओळखूनच. १६७१ मध्ये पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडून संगमेश्वराकडील मीठ विकेनासे होईल, हे लक्षात येताच महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्याला त्यावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. बंदरातून काय जाते, काय येते आणि त्यात आपल्या रयतेचे हित किती, हे पाहणे हा राजधर्म आहे, हीच दृष्टी त्या आज्ञेमागे होती.

अलीकडच्या काळाचे पाहायचे तर १५ ऑगस्ट २००३ रोजी लाल किल्ल्यावरून अटलजींनी सागरमाला योजनेची घोषणा केली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने तिला नव्याने चालना दिली. २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. त्याचा अंदाजित खर्च ७६,२२० कोटी रुपये आहे. तेव्हा प्रश्न बंदर हवे की नको, हा नाहीच. बंदर कशासाठी, कोणाच्या पैशाने आणि ज्या कामासाठी ते बांधले ते काम संपल्यावर त्याचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोव्यात ते आपल्यासमोर उभे आहे.

मुरगावचे आधुनिक बंदर कसे झाले पाहा. १८७८ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यातून बंदर आणि घाट चढून जाणारी रेल्वे यांची योजना निघाली. कंपनी इंग्रजांची, तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी मात्र पोर्तुगीज सरकारची. १८८८ मध्ये रेल्वे कॅसलरॉकपर्यंत पोहोचली. अपेक्षेइतका माल आला नाही, हमीचा बोजा मात्र सरकारी तिजोरीवर पडत राहिला. गोव्याच्या जनतेला कोणीही विचारले नव्हते. परक्यांच्या व्यापारासाठी उभारलेल्या बंदराची किंमत यजमानाने कशी चुकवावी लागते, याचा हा पहिला धडा.

दुसरा धडा खनिजाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याच्या डोंगरांतून लोहखनिज निघू लागले आणि १९५० च्या दशकात जपान हा त्याचा मोठा ग्राहक झाला. पोर्तुगिजांनी शेकडो खाण-परवाने वाटले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा हे सारे परवाने आपल्याकडे वारशाने आले. ते रद्द करून त्यांचे भारतीय कायद्याखालील पट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने केला तो थेट १९८७ मध्ये. भूमी मुक्त झाली, तरी भूमीच्या पोटातील संपत्तीचा हिशेब पंचवीस वर्षे जुन्याच वहीत राहिला.

याच काळात भारत सरकारने मुरगाव हे प्रमुख बंदर म्हणून विकसित केले. १९७९ मध्ये तेथे खनिज जहाजात भरणारा मोठा यांत्रिक धक्का सुरू झाला. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून बार्जेस खनिज घेऊन येत आणि ते मोठ्या जहाजांत चढवले जाई. ही व्यवस्था कार्यक्षम होती, हे मान्य केले पाहिजे. सन २००० नंतर चीनची मागणी उसळली. पूर्वी कोणी विचारत नव्हते असे हलक्या प्रतीचे खनिजही जहाजे भरभरून जाऊ लागले. २०१०-११ मध्ये मुरगाव बंदराने सुमारे ५ कोटी टन माल हाताळला. त्यात फार मोठा वाटा लोहखनिजाचा होता.

मग काय झाले, हे आपण वृत्तपत्रांतून वाचले आहे. न्या. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात गोव्यातील बेकायदा उत्खननामुळे सुमारे ३५,००० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज होता. मनोहर पर्रीकरांच्या सरकारने त्याच महिन्यात खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, हे पट्टे नोव्हेंबर २००७ मध्येच संपले होते. नंतर ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण झाले, तेही २०१८ मध्ये रद्द ठरले. २०१३-१४ मध्ये बंदराची हाताळणी १ कोटी २० लाख टनांच्याही खाली आली. तीन वर्षांत चौथ्या हिश्श्याहून कमी!

या आकड्याच्या मागे माणसे आहेत. कर्ज काढून ट्रक घेतलेला डिचोली-साखळीचा तरुण, बार्जवरचा तांडेल, रस्त्याकडेचा गॅरेजवाला. खाणमालकाचे नुकसान ताळेबंदात दिसते, यांचे दिसत नाही. पुढे २०२२ च्या अखेरीपासून लिलाव झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले. पण मधली दहा-बारा वर्षे या कुटुंबांना कोण परत देणार?

आणि बंदर? कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी परदेशातून येणारा कोळसा हाच त्याचा मोठा आधार बनला. त्या कोळशाच्या भुकटीविरुद्ध वास्कोच्या नागरिकांना आवाज उठवावा लागला. देशाला पोलाद हवे आणि पोलादाला कोळसा हवा, हे मी जाणतो. पण ज्या गावाने खनिज जाताना धूळ खाल्ली, त्याच गावाने कोळसा येतानाही धूळ खावी आणि दोन्ही वेळेला कारखाना मात्र अन्यत्र असावा, याला विकास म्हणताना जीभ अडखळते.

आता आपल्या सिंधुदुर्गाकडे येऊ. चालुक्यांच्या इतिहासातील रेवतीद्वीप म्हणजेच आजचे रेडी, असे इतिहासकार मानतात. मंगलेश राजाने ते जिंकले, हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील सामर्थ्याचा प्राचीन पुरावा आहे. त्याच रेडीत आधुनिक काळात लोहखनिजाच्या खाणी आल्या. १९७६ मध्ये तेथील खाणीच्या परिसरात द्विभुज गणेशाची भव्य मूर्ती सापडली. आज हजारो भाविक दर्शनाला जातात आणि त्यावर अनेक घरे चालतात. जरा विचार करा. त्या जमिनीतून निघालेले खनिज कधीच परदेशी भट्टीत वितळून गेले. गावाजवळ उरले ते बाप्पा.

रेडीचे बंदर पावसाळ्यात बंद पडणारे. महाराष्ट्र सागरी मंडळ १९९६ मध्ये स्थापन झाले आणि लहान बंदरे पन्नास-पन्नास वर्षांच्या कराराने खासगी विकासकांना देण्याचे धोरण आले. रेडीचा करार २००९ मध्ये झाला. त्यानंतरची कितीतरी वर्षे बारमाही बंदर वाट पाहायला लावणारेच राहिले. खनिजाचा भाव चढला की बंदराची चर्चा चढते, भाव उतरला की चर्चाही उतरते. खनिजाच्या भावावर बेतलेल्या बंदराचे असेच होणार. आणि खाणीच्या शेजारी राहणे म्हणजे काय, हे दोडामार्ग तालुक्यातील कळणे गावाने जुलै २०२१ मध्ये अनुभवले. खाणीचा बांध फुटला आणि चिखलपाणी घराबागांत शिरले.

काही जण म्हणतील, मग खनिज जमिनीतच ठेवायचे काय? नाही. १९०७ साली याच मुंबईत काय घडले ते आठवा. टाटांच्या पोलाद कारखान्यासाठी भांडवल लंडनमध्ये उभे राहीना. तेव्हा स्वदेशीच्या भावनेने भारलेल्या आपल्या लोकांपुढे भाग विक्रीस ठेवले. कचेरीपुढे गर्दी लोटली आणि सुमारे तीन आठवड्यांत भांडवल जमा झाले. १९१२ मध्ये जमशेदपूरला पोलाद तयार झाले. लोहखनिज तेच, पण एक टन माती परदेशी पाठवणे आणि त्याच मातीचे रूळ घडवणे यांत राष्ट्राच्या आयुष्याचे अंतर आहे. गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे, त्याला देशात गिऱ्हाईक नव्हते, हा निर्यातदारांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण साठ वर्षांत ते वापरण्याजोगे करणारे कारखाने पुरेशा संख्येने का उभे राहिले नाहीत? निर्यात सोपी होती म्हणून. आणि ती सोपी झाली सरकारी पैशाने बांधलेल्या धक्क्यामुळे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. खाणीचा हिशेब आणि बंदराचा हिशेब वेगवेगळा मांडा. खाण काही दशकांची असते, बंदर शतकाचे असते. शतकाच्या वास्तूवर सार्वजनिक पैसा घालताना काही दशकांच्या मालाकडे पाहून निर्णय घेऊ नये. आपल्या गावाजवळ असे बंदर होणार असेल, तर ग्रामसभेत चार प्रश्न विचारा.

पहिला : खनिज संपल्यावर या धक्क्याला काय लागणार? काजू, आंबा, मासळी, शीतगृह आणि प्रवासी बोट यांची सोय आजच्या आराखड्यात आहे का?

दुसरा : पैसा सरकारचा, तर मालकी कोणाची? वाढवणमध्ये केंद्राच्या बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि राज्याच्या सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. रस्ता, गाळउपसा आणि भिंत जनतेने द्यायची आणि उत्पन्न दुसऱ्याने न्यायचे, असे तर नाही ना?

तिसरा : माती जाणार की माल? प्रक्रियेचा किमान एक टप्पा जिल्ह्यात होणार का, आणि त्यासाठी आपल्या मुलांना आजपासून शिक्षण मिळणार का?

चौथा : गावाचा वाटा किती, आणि तो नातवापर्यंत पोहोचेल का? २०१५ च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले आहे. गोव्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कायमस्वरूपी निधीची व्यवस्था सांगितली. खनिज एकदाच निघते. तेव्हा त्याचा पैसा एकाच पिढीने खाऊ नये, हा त्यामागचा विचार आहे. पंडित दीनदयाळजींनी सांगितलेला अंत्योदय प्रत्यक्षात यायचा तर तो अशाच व्यवस्थांतून येईल.

आता त्या गृहस्थांचे उत्तर. मी त्यांना एवढेच सांगणार आहे की, काका, तुम्ही लालबागला राहता, तुम्हाला हे शिकवण्याची गरज नाही. धुराडी कायमची आहेत, असे आपल्यालाही वाटत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि दिवस पालटले. मग गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीचे मोल मोठे ठरले. १९९१ च्या नियमावलीने त्या जमिनीचे तीन भाग सांगितले होते, महापालिकेचा, म्हाडाचा आणि मालकाचा. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला. गिरणी संपली, जमीन उरली. उरलेल्या जमिनीत तुमचा वाटा नोकरी लागली त्या दिवशी कोणी लिहून दिला नव्हता, म्हणून तुमच्यातले कित्येक जण अजून घराच्या सोडतीची वाट पाहत आहेत.

गावात ही चूक पुन्हा करू नका. एकट्याने सही करू नका. गाव एकत्र बसवा, ते चार प्रश्न विचारा आणि उत्तरे लेखी मागा. उत्तरे समाधानकारक असतील, तर बंदराच्या स्वागताला मीही तुमच्याबरोबर गावी येईन. उत्तरे नसतील, तर काजूची बाग दरवर्षी बहरते, हे विसरू नका.

आपण येथून गावी मनीऑर्डर पाठवल्या, मंदिरांचे जीर्णोद्धार केले, शाळांना वर्गखोल्या दिल्या. आता गावाला एक गोष्ट अधिक द्यायची आहे, ती म्हणजे गिरणगावाने मोल देऊन मिळवलेले हे शहाणपण. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ते बरोबर न्या, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.

भारतमाता की जय!