दुखणे मुलाचे, उपचार घराचा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





आपल्या भाईंदर पूर्वेत एखादं पोरगं शाळा बुडवायला लागलं की आपण म्हणतो, "वाया गेलं." मीही तेच म्हणालो. माझा धाकटा आठवीत शाळेत जाईना, तेव्हा मी त्याला पट्ट्याने मारलं. आज तुमच्यासमोर कबूल करतो. शेवटी एका दवाखान्यात नेलं. तिथल्या समाजसेविका बाई म्हणाल्या, "आई, बहीण, सगळ्यांना घेऊन या." मला राग आला. दुखणं पोराचं, आणि तपासणी आमची?

पण गेलो. तेव्हा कळलं, माझ्या रात्रपाळीच्या चिडचिडीत आम्ही नवराबायको कित्येक महिने धड बोललोच नव्हतो. आमचे निरोप पोरगंच पोचवायचं. आपण शाळेत गेलो तर मागे भांडण पेटेल, ही त्याला धास्ती. बाईंनी आम्हा दोघांना काम दिलं : पाळी सुटल्यावर सकाळी एकत्र चहा प्या आणि जे असेल ते एकमेकांशी थेट बोला. हळूहळू पोरगं शाळेत जाऊ लागलं.

ही पद्धत नवी नाही. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे तेव्हाचे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय. त्यांनी १९३७ साली मुंबईत बाल मार्गदर्शन केंद्र काढले. अशा केंद्रात डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि समाजसेवक मुलाबरोबर आईबापाशीही बोलतात.

भगवंतांनी सिगालोवाद सुत्तात सहा दिशा सांगितल्या. पूर्व म्हणजे आईवडील, पश्चिम म्हणजे बायकोमुले. मुलाचे आईबापाप्रति कर्तव्य आहे, तसे आईबापाचेही मुलाप्रति आहे. नवऱ्याने बायकोचा मान राखावा, हेही तिथेच आहे. आपण मुलाचं कर्तव्य तेवढं पाठ करतो.

प्रत्येक दुखण्याला घरच कारण असतं, असं मी म्हणत नाही. गोळी लागते तिथे गोळी द्यावीच. आईला दोष देण्यासाठीही हे बोलत नाही. पण मूल बरं व्हायचं ते घरातच. म्हणून अंगारे-धुपारे नकोत, पट्टा नको. सरकारची टेली मानस सेवा २०२२ साली सुरू झाली आहे. १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही. आणि दवाखान्यात जाल तेव्हा बापांनो, एक दिवसाचा खाडा करा, पण बरोबर जा.

नमो बुद्धाय! जयभीम!