वारसा आणि वाटा
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभेत केलेले भाषण)



वारसा हा शब्द आम्हां वकिलांच्या कानी रोज पडतो. मृताची मिळकत वारसाकडे जाते, एवढाच त्याचा अर्थ कोर्टात घेतला जातो. परंतु पूर्वजांकडून आलेले काय ठेवावे आणि काय टाकावे, हे ठरविण्याची जबाबदारीही वारसावरच येऊन पडते.

माझ्या आजोबांना हाडवळ्याची जमीन वारशाने मिळाली आणि तिच्याबरोबर महारकीही मिळाली. रात्री-अपरात्री सरकारी कामाला धावावे, मेलेली गुरे ओढावी, मर्तिकाचा सांगावा घेऊन गावोगाव हिंडावे. जमीन बापाची, म्हणून गुलामगिरीही बापाची! हा वारसा मोडण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले. ते संमत झाले नाही. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा व्हावयास 1958 साल उजाडले. तो पाहावयास बाबासाहेब नव्हते.

मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा देऊ पाहणारे हिंदू कोड बिल अडले, तेव्हा 1951 साली त्याच बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले. त्यांच्या राजीनाम्याचे ते एक प्रमुख कारण होते. पुढे 1956 च्या कायद्याने मुलगी मुलाबरोबरीने बापाची वारस झाली. 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतीतही तिला जन्मतः हक्क मिळाला. हे कायदे आपणां बौद्धांनाही लागू आहेत.

आता माझी कबुली ऐका. वडील वारल्यावर बहिणीच्या हक्कसोडपत्राचा मसुदा मी स्वतः लिहिला. तिने तो वाचलाही नाही. तिने एवढेच विचारले, "दादा, सही केली म्हणजे माझं माहेर राहील ना?"

लॉ कॉलेजातून पदवी घेतलेला मी निरुत्तर झालो. ज्या हाडवळ्याची वेठ आजोबांच्या मानेवरून उतरली, त्याच जमिनीसाठी मी बहिणीच्या मानेवर रूढीचे जू ठेवीत होतो. तो कागद मी फाडला. आज सातबाऱ्यावर आम्हां दोघांचीही नावे आहेत आणि तिचे माहेरही शाबूत आहे.

ज्यांच्या घरी वारसनोंद व्हावयाची आहे, त्यांनी तलाठ्याकडे जाताना बहिणीचे नाव वगळू नये. तिने मागण्याची वाटही पाहू नये. जमिनीचा वारस जन्माने होता येते. बाबासाहेबांचा वारस आचरणानेच व्हावे लागते.

जयभीम!