सेवकांचे लसीकरण, रुग्णांचे संरक्षण

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्मचाऱ्यांच्या लसीकरणावर रुग्णालयाने खर्च का करावा, असा प्रश्न काही हितचिंतक आम्हांस विचारतात. देणगी रुग्णांसाठी दिलेली असते. मग ती परिचारिका, मावशी, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांच्या लसीवर का वापरावी? प्रश्न रास्त आहे. कोविडच्या महासाथीतील अनुभवातून त्याचे उत्तर मिळते, आणि तेच आज आपल्यापुढे मांडण्याची आमची इच्छा आहे.

पुण्याला हा विषय नवा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंत फुले यांच्या हडपसरजवळील दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनाच त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. लस जन्माला आली होती. परंतु शुश्रूषा करणाऱ्या हातांपर्यंत ती पोहोचण्यास अवधी मिळाला नाही.

महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच आढळले. पहिल्या लाटेत सेवकांजवळ मास्क, हातमोजे आणि अंगभर पोशाख एवढेच संरक्षण होते. पुढे १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डच्या पेट्या देशभर रवाना झाल्या आणि १६ जानेवारीस लसीकरणाचा प्रारंभ झाला. पहिला मान आरोग्यसेवकांचा होता. तरीही अनेकांच्या मनात शंका होत्या. काही आठवड्यांतच दुसरी लाट उसळली आणि लसीची कसोटी प्रत्यक्ष वॉर्डात लागली.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने या काळात आपल्या सुमारे १०,६०० कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली. दोन्ही मात्रा घेतलेले ७,०८० जण होते, तर एकही मात्रा न घेतलेले १,६०९. दोन्ही गटांतून रुग्णालयात दाखल झालेल्यांची संख्या योगायोगाने सारखीच, म्हणजे ६४ होती. केवळ हा आकडा पाहणारा म्हणेल की लसीचा उपयोग काय? परंतु एकीकडे हे ६४ जण सात हजारांतले होते आणि दुसरीकडे सोळाशेंतले. हिशेब मांडला असता, लस घेतलेल्यांना दाखल व्हावे लागण्याचा धोका ७७ टक्क्यांनी कमी ठरला. प्राणवायूची गरज सात हजारांत ४ जणांना लागली, सोळाशेंत ११ जणांना. अतिदक्षता विभागात एका गटातून २ जण गेले, दुसऱ्यातून ८.

लसीने संसर्ग मात्र पूर्णपणे थांबवला नाही. त्या ७,०८० पैकी ६७९ जणांना लागण झालीच. धोका ६५ टक्क्यांनी घटला, नाहीसा झाला नाही. म्हणून लस घेतल्यावरही मास्क आणि हात धुणे सोडून चालत नाही.

दुसरा पुरावा भारतीय सशस्त्र दलांतील आरोग्यसेवक व आघाडीच्या कर्मचाऱ्यांचा आहे. सुमारे १५ लाख ९० हजार व्यक्तींच्या या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयातून निघणाऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लशीच्या दोन मात्रांनंतर संसर्ग सुमारे ९३ टक्क्यांनी आणि मृत्यू ९८ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. मात्र या व्यक्ती बहुतांशी तरुण आणि सुदृढ होत्या. साठीकडे झुकलेल्या, मधुमेह असलेल्या मावशींना तोच आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय अशा पाहण्यांत कोणी लस घ्यावी हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नसते; लस घेणारा मुळातच अधिक सावध असू शकतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉनने संसर्गापासूनचे संरक्षण बरेच दुबळे केले, आणि १० जानेवारी २०२२ पासून आरोग्यसेवकांना आणखी एक मात्रा देण्यात आली. या लसीमुळे क्वचित रक्तात गुठळ्या होण्याचा गंभीर दुष्परिणाम घडू शकतो, हेही सांगणे आमचे कर्तव्य आहे. हे सारे जमेस धरूनही, सेवकांना गंभीर आजारापासून लसीने वाचवले हा निष्कर्ष ढळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खाट आणि यंत्र पैशाने घेता येते. परंतु अतिदक्षता विभागातील अनुभवी सिस्टर आजारी पडल्यास ऐन साथीत तिच्या जागी कोणास उभे करावे? ती घरी अलगीकरणात गेली, तर तिच्या हाताखालच्या रुग्णांचा भार आधीच थकलेल्या सहकाऱ्यांवर पडतो. सेवक धडधाकट राहिला तरच खाटेवरच्या रुग्णाला सेवा मिळते. म्हणून लसीचा खर्च आम्ही रुग्णसेवेचाच खर्च मानतो.

साथ ओसरली तरी हे काम संपत नाही. सुई टोचण्याच्या अपघातातून कावीळ ‘ब’ होण्याचा धोका रुग्णालयात रोजचाच असतो. तिची लस तीन मात्रांत, सहा महिन्यांत पूर्ण होते. कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या कंत्राटी कामगारालाही तिची तितकीच गरज आहे, आणि नेमका तोच बहुधा यादीतून निसटतो. प्रत्येक नव्या सेवकाच्या तिन्ही मात्रा पूर्ण व्हाव्यात आणि फ्लूची लस दरवर्षी मिळावी, यासाठी आपले साहाय्य आम्ही मागत आहोत.

रुग्णांच्या आप्तेष्टांनाही एक विनंती. सर्दी-ताप असताना भेटीस येऊ नये, आणि वॉर्डात सिस्टरांनी मास्क लावण्यास सांगितल्यास राग मानू नये. आपल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांची काळजी आपणही घ्यावी, एवढीच नम्र प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.