हत्ती मध्ये, आपण भोवती

बेणणी उरकली, भात पोटरीला आलं, कापणीला अजून अवकाश आहे. तेव्हा दहा मिनिटं माझं ऐका. नवरात्र तोंडावर आलंय आणि ज्या बैठकीला जावं तिथे एकच विषय निघतो, अंगणवाडीतल्या मुलांसाठी यंदा काय करायचं? नाच बसवायचा का? ड्रेस आणायचे का? स्पीकर कोणाचा?

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

तीन वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका गावात आम्ही बचत गटांनी मिळून अंगणवाडीच्या मुलांचा नाच ठेवला. कल्पना माझीच. कल्याणहून घागरे नि केडिये भाड्याने आणायचे, एका मुलामागे साडेतीनशे रुपये. स्टेज तयार होतं, मोठे स्पीकर होते, पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे. गाणं सुरू झालं. पाच-सहा मुलं नाचली. बाकीची स्पीकरकडे बघत खांबासारखी उभी. तिघी रडायला लागल्या आणि एकाने तिथेच शू केली. लोक हसले. मीही हसले.

पुढच्या मासिक बैठकीत कर्जाची वही भरत होते. एका ताईंच्या नावावर पाचशे रुपये अंतर्गत कर्ज, कारण 'घरखर्च'. सहज विचारलं, कसला खर्च? ती म्हणाली, "पोरीच्या ड्रेसला उचलले होते. मधेच धाकट्याला ताप आला, त्यात गेले. मग पोरीला घरीच ठेवली." चार वर्षांची पोर. कार्यक्रमभर उंबऱ्यावर बसून स्पीकर ऐकत होती. सेविकाताई नंतर मला म्हणाल्या, तिला तो नाच सगळ्यांत चांगला येत होता. आणि त्या पाचशेवर शेकडा दोन रुपयांनी व्याज आम्ही घेतलंच, कारण नियम नियम असतो.

तेव्हापासून मी ड्रेस आणि स्टेज या दोन गोष्टी सोडल्या. आता आम्ही भोंडला करतो.

भोंडला तुम्हाला मी काय शिकवणार! घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत, पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. कुठे हादगा म्हणतात, तिकडे हस्त नक्षत्राचे सोळा दिवस धरतात. विदर्भ-खानदेशात भुलाबाई असते. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या नजरेने हा खेळ कधी बघितलाय का? यात बघे नसतात. सगळे आत. पाठ कोणाकडे नाही, तोंड सगळ्यांचं हत्तीकडे. चुकलं तर शेजारचा हात ओढून नेतो. गाण्याचं कडवं पुन्हा पुन्हा येतं, म्हणजे पहिल्यांदा नाही जमलं तर चौथ्यांदा जमतं. आणि शेवटी खाऊ. एवढ्या लहान मुलाला आणखी काय हवं?

पोरांजवळ आपण जायचं, पोरांना उचलून आपल्या स्टेजवर आणायचं नाही, हे आपल्याच भागात फार आधी कोणीतरी करून ठेवलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघरमध्ये. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळासुद्धा चालवली. शिंपले, बिया, पानं, काड्या, जे आसपास सापडेल ते शिकवायचं साहित्य. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली २ ऑक्टोबर १९७५ ला, म्हणजे तीस वर्षांनी. आपण भाड्याचे घागरे आणत होतो आणि चिंचोके दारात पडले होते, असं झालं माझं.

आता आम्ही काय करतो ते सांगते.

आठ दिवस आधी सेविकाताई, मदतनीसताई आणि गटातल्या दोघी बसतो. वेळ सकाळी साडेदहाची, आहाराच्या आधी. संध्याकाळी ठेवलं की मुलं पेंगतात आणि बाया चुलीपाशी अडकतात. सगळा मिळून पाऊण तास, त्यात फेर वीस-पंचवीस मिनिटं. त्याच्यावर ताणायचं नाही. मुलांना अजून हवं असताना थांबलेलं बरं. रंगीत तालीम नाही. गाणं मात्र आठवडाभर रोज आहाराच्या आधी एकदा म्हणायचं, म्हणजे त्या दिवशी ते ओळखीचं असतं.

वाद्यं आम्ही बैठकीतच करतो. हिशोब झाला की अर्धा तास. पाण्याच्या छोट्या बाटलीत मूठभर चिंचोके, दुसरीत तांदूळ, तिसरीत बारीक खडे. तिघींचे आवाज वेगळे येतात, हलवून बघा. झाकण लावलं की वरून चिकटपट्टीचे तीन-चार वेढे. यात हयगय नको, चिंचोका नाकात गेला की सण कोणाच्या लक्षात राहणार नाही. शिवाय एक ताट-उलथणं, भजनातले टाळ आणि ढोलकी. स्पीकर नाही. ज्या आवाजात शेजारणीशी ओरडून बोलावं लागतं, तो तीन वर्षांच्या कानासाठी जास्तच. आणि खरं सांगू, स्पीकर लागला की आपण गात नाही. आपण गायलो नाही की मुलंही गात नाहीत.

फेर असा. मध्ये पाटावर हत्ती. तांदळाचं पीठ आणि कोळशाची पूड देऊन मुलांनाच काढायला सांगा. आमच्याकडे एकदा हत्तीला पाच पाय आले, तसेच ठेवले. दोन मुलांमध्ये एक बाई, आई नाहीतर आजी, असं कडं करायचं. रडणाऱ्याला ओढायचं नाही. त्याला आईच्या कडेवरून एक फेरा, मग तो आपणच खाली उतरतो. पहिलं गाणं हळू, नुसतं चालायचं. मग ढोलकी जड वाजवायची, हत्ती चालतो तशी, पाय आपटत. मग बाटल्या हळू, पाऊस भुरभुर. मग जोरात, हत्तीचा पाऊस! आणि ढोलकी थांबली की सगळे जिथल्या तिथे गप्प. हा थांबायचा खेळ त्यांना सगळ्यात आवडतो. हसू दाबून उभी राहतात. वरून खेळ दिसतो, पण कान देऊन ऐकणं आणि स्वतःला आवरणं ते यातच शिकतात.

मधे एक सवाल-जवाब. आजीने विचारायचं, हत्ती आज काय जेवला? मुलं सांगतील ते खरं. एकदा उत्तर आलं, "वडापाव!" मग चार फेरे हत्तीने वडापाव खाल्ला. सुधारायला जायचं नाही.

एका पाड्यावर एक मुलगा आहे, त्याला ऐकू फार कमी येतं. दुसरी मुलं फिरायची, तो भिंतीला टेकून. ढोलकीवाल्या आजींनी त्याचा तळहात ढोलकीच्या कडेवर ठेवला. थाप पडली तसा तो आजींच्या तोंडाकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवसापासून थांबायची खूण तोच देतो, हात वर करून. ज्याला चालायला त्रास आहे त्याला पाटाजवळ हत्तीचा माहूत करा. घरी ठेवा, असं कोणाला म्हणायचं नाही. एवढं एक माझ्यासाठी पाळा.

खिरापतीबद्दल. डबा झाकून हलवायचा, वास द्यायचा, गोड की तिखट विचारायचं. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिकीचे तुकडे नको, नाचून धापा टाकत असतात, घशात अडकतात. उकडलेलं रताळं कुस्करून, गुळाचा शिरा, दडपे पोहे, केळं. गेल्या वर्षी पंचवीस मुलं आणि त्यांच्या आया मिळून आमचा खर्च दोनशे ऐंशी रुपये झाला, रताळी घरचीच होती. पैसे गटाच्या खात्यातून, ठराव लिहून. वर्गणी मुलांच्या घरातून नाही, हेसुद्धा ठरावात लिहिलं.

आता वाद. पहिल्या वर्षी एक आजी म्हणाल्या, भोंडला पोरींचा, त्यात पोरं कशाला? मी काही बोलले नाही. त्यांच्या नातवाने येऊन त्यांचाच हात धरून फेरात नेलं. वाद मिटला असं नाही म्हणणार, पण यंदा गाणी त्याच सांगतायत.

दुसरा प्रश्न जास्त खरा होता. कातकरी वाडीवर गेले, तर एक म्हातारी बाई सरळ म्हणाली, "ह्यो तुमचा भोंडला, आमचा न्हाय." बरोबरच होतं तिचं. मग तुमचं काय, विचारलं. तिने आपल्या म्हाताऱ्याला हाक मारली, तो ढोल घेऊन आला. तिथे पाट नाही, हत्ती नाही. ढोल मध्ये आणि मुलं भोवती, गाणं त्यांच्या बोलीत. मला निम्मं कळलं नाही, मुलांना सगळं कळलं. जव्हार-डहाणूकडे वारल्यांचा तारपा असतो, भोपळा आणि बांबूचा, तोही फेर धरूनच नाचतात. म्हणजे फेर सगळ्यांकडे आहे, गाणं ज्याचं त्याचं. अंगणवाडीत सगळ्या घरांतली मुलं येतात, म्हणून पूजा-आरती आम्ही तिथे करत नाही. हत्ती हा हत्ती.

आणि हे नवरात्रातच का, तेही सांगते. दिवाळीनंतर वाडीवरची निम्मी घरं वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे. टेम्पोत भांडी, कोंबड्या, पोरं. पावसाळ्यापर्यंत ती मुलं आपल्या अंगणवाडीत नसतात. पटावर नाव असतं, जागा रिकामी. सगळी मुलं गावात एकत्र असण्याचे हे शेवटचे दिवस.

म्हणून आम्ही बाटल्या परत घेत नाही, ज्याची त्याने न्यायची. सेविकाताई त्याच दिवशी आयांकडून विचारून घेतात, कोण कुठल्या भट्टीवर, कधी निघणार, आणि ते वहीत लिहून ठेवतात. म्हणजे तिथल्या जवळच्या अंगणवाडीला कळवता येतं, मुलाचा आहार आणि लसीकरण चुकत नाही. बैठकीला बोलावलं तर या आया येत नाहीत, दिवसभर कामावर असतात. पोरगं फेरात असलं की येतात. गेल्या वर्षी अकरा जणींनी पत्ते सांगितले.

ड्रेसची ती मुलगी आता पहिलीत आहे. सुट्टी असली की येते, लहानांना बाटल्या वाटते. तिची आई परवाच्या बैठकीत म्हणाली, या वर्षी चिकटपट्टी मी आणते. तेवढं एक काम माझ्या यादीतून कमी झालं. तुमच्या गटात हा विषय या महिन्याच्या बैठकीत घ्या, सेविकाताईंना निरोप आधी द्या, आणि बाटल्या आजपासून साठवा. आयत्या वेळी मिळत नाहीत.